सुगरणीचा खोपा विणतो कोण?

महाडहून रायगडाकडे निघालात की गडाच्या पायथ्याशी पाचाड लागते. बहुतेक जण जिजामातांची समाधी पाहून पुढे गडाकडे वळतात. पावसाळ्यात गेलात तर मात्र भातखाचरांच्या कडेला थोडे थांबा. एखाद्या झाडाला सुगरणीचे खोपे लोंबताना दिसले तर नीट निरखा. काही खोप्यांना खाली लांब नळी असते, काही टोपीसारखे अर्धेच. ते अर्धे खोपे वाऱ्याने मोडलेले असतीलच असे नाही. बहुधा तिथे नराला नकार मिळालेला असतो.

आपण ‘सुगरण’ म्हणतो खरे, पण विणकाम नराचे. पावसाच्या तोंडावर त्याचे डोके पिवळेधमक होते. भाताच्या पात्याची कड चोचीत धरून तो उडतो आणि लांब धागा सोलून आणतो. खोपा अर्ध्यावर आला की त्याला लटकून, पंख फडफडवत माद्यांना साद घालतो. मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडला तर तो नळी पुरी करतो, ती अंडी घालते. उबवणे तिच्याकडेच. हे महाशय तोवर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी!

हे कोडे उलगडले आपल्याच जिल्ह्यात. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले सलीम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. पत्नी तेहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथल्या खोप्यांवर नजर ठेवून त्यांनी हा सारा संसार टिपला.

या नराची हद्द केवढी? खोप्याभोवतीची जेमतेम फांदी. तेवढ्यासाठीही तो भांडतो, कारण नजर चुकली की शेजारी विणलेले धागेच उपटून नेतो. दयाळाची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात फजरच्या सुमारास झाडाच्या शेंड्यावरून तो गातो, ते मादीला आमंत्रण आणि दुसऱ्या नराला दम, दोन्ही एकाच गाण्यात.

सुगरण मादी मात्र विणीपेक्षा जागा अधिक पारखते, असे अभ्यासकांना आढळले आहे. उंच, काटेरी झाड तिला हवे. साप सहज पोहोचू नये. आमच्या आजोळी विहिरीवर झुकलेली शिंदी होती. पाण्यात कचरा पडतो म्हणून ती तोडली. पुढच्या पावसात नर आले, विजेच्या तारेवर विणू लागले. आम्ही पोरे रोज पाहायला जायचो. त्या वर्षी एकाही खोप्याला नळी आली नाही.