गोदामातले वायफाय: नवा आकडा, जुना स्कॅनर

भिवंडीत मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांत मालाची नोंद हातातल्या बारकोड स्कॅनरवर होते. स्कॅनर अडखळू लागला की ‘वायफाय ६’चा ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले नेटवर्क बिनतारी पसरवणारे यंत्र) आणला जातो. त्याने स्कॅनरही वेगवान होईल, हा सर्रास होणारा समज आहे.

तसे होत नाही. जोडणी दोन्ही बाजूंना जमेल त्याच मानकावर (ठरलेल्या तांत्रिक नियमावलीवर) होते. स्कॅनर वायफाय ४चा असेल तर जोडणीही वायफाय ४चीच राहते. वायफाय ४ म्हणजे २००९चे मानक, वायफाय ६ला अंतिम मान्यता २०२१ची. रस्ता रुंद केला म्हणून जुना टेम्पो पळत नाही. उलट एकाच मार्गिकेत असला तर मागच्यांनाही थांबवतो. वायफायमध्येही संथ उपकरण हवेतला वेळ अधिक खाते. म्हणून शक्य असेल तिथे नवी उपकरणे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (लहरींच्या ठरावीक कक्षेवर) ठेवावीत.

खरी मेख या पट्ट्याचीच आहे. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालते आणि कित्येक जुने स्कॅनर केवळ २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. यंत्रात दोन्ही पट्टे हवेतच. सुरक्षेची सेटिंगही पाहा: निव्वळ ‘डब्ल्यूपीए३’ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवले तर जुना स्कॅनर जोडलाच जात नाही, जुन्या-नव्या पद्धतींचा मिश्र पर्याय निवडावा लागतो.

लोखंडी रॅक आणि त्यांवर छतापर्यंत रचलेला माल लहरी अडवतात, ५ गिगाहर्ट्झच्या अधिकच. तिथे मोठ्या आकड्यापेक्षा नीट जागा पाहून लावलेले दोन साधे ॲक्सेस पॉइंट जास्त उपयोगी पडतात. खरेदीला जाण्यापूर्वी स्कॅनरच्या मागचा मॉडेल क्रमांक तेवढा लिहून घ्या.