ठिपकीचा तेरावा

पहाटे 5.30

परड्यातला कोंबडा आरवतो, पण हल्ली मी त्याच्या आरवण्याने उठत नाही. पडवीत, शिलाई मशीनच्या शेजारी डालगं पालथं घातलंय, त्यातून 'कुर्र्' असा बारीक आवाज येतो. त्याने जाग येते. चहाचं आधण ठेवायच्याही आधी डालगं तिरकं करून पाहायचं ते एकच, शीट. आज घट्ट, तपकिरी, वर पांढरी टोपी. पहिले दोन दिवस नुसतं हिरवं पाणी पडत होतं. कोंबडी उपाशी असली की तसंच होतं.

"आज तेरावा," मी म्हटलं.

"दिवस मोज, पण तेरावा म्हणू नकोस गं सकाळी सकाळी," सासूबाई आतून.

तर, ठिपकीचा उजवा पाय मोडला त्याला आज तेरा दिवस झाले. दोडक्याच्या मांडवाला नायलॉनची जाळी लावली होती, कोंबड्यांनी कोवळे वेल खाऊ नयेत म्हणून. जाळी मीच लावलेली. ठिपकी तिच्यात अडकली, घाबरून उलटी ओढत राहिली, आणि नळीचं हाड मधोमध मोडलं. कातडी फाटली नाही, हे नशीब.

6.15

पायाची तपासणी. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली की ती गप्प बसते. डोळे झाकले की आणखी गप्प. दोन्ही बाजूंना बांबूच्या पातळ कांबी, आत कापूस, वरून पट्टी. पट्टी माझ्याच चिंध्यांची, ब्लाउजच्या अस्तराची.

आधी बोटं हाताला लावायची. दोन्ही पायांची सारखी गरम हवीत. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा तापलेलं असतं, 41 अंशांच्या वर, त्यामुळे गार बोट लगेच कळतं. चौथ्या दिवशी पट्टी भिजली म्हणून मी बदलली आणि शिवणकामाच्या सवयीने घट्ट ओढून गाठ मारली. दुपारी बोटं सुजून गार पडली होती. सोडली, पुन्हा बांधली. त्या रात्री काही झोप लागली नाही.

मग वरचा सांधा हळूच दुमडायचा. ज्याला आपण कोंबडीचा उलटा गुडघा म्हणतो तो खरं तर तिचा घोटा. तो दुमडला की मागची शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप मिटतात. आज सांधा दुमडला, बोटं मिटली. शीर शाबूत आहे.

चांगल्या पायाचा तळवाही पाहायचा. सगळा भार त्याच्यावर, तिथे काळी खपली धरली की आतून पू होतो. म्हणून खाली भाताचं तूस, चार बोटं जाड, रोज नवं. आषाढात कोरडं तूस मिळवणं हेच अर्धं काम.

7.30

कणी, नाचणीचा भरडा, उकडलेलं अंडं कुस्करून. कोंबडीला अंडं घालते म्हणून शेजारपाजारी हसून झालं. वर तिसऱ्यांच्या शिंपल्या, चुलीत भाजून खलबत्त्यात कुटलेल्या. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि खाण्यातून पुरलं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. ठिपकीने मोडल्या दिवसापासून अंडं दिलेलं नाही. मला वाईट वाटलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, "बरंच आहे की. हाडाचा चुना हाडातच राहू दे."

पाण्याची वाटी डालग्यातच, तोंड पोचेल अशी. चोच उघडून पाणी ओतायचं नाही, जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं. पहिल्या पाच दिवसांचं दुखण्याचं औषधसुद्धा चोचीच्या कडेला थेंबथेंब लावून दिलं. मात्रा वजनावर, म्हणून तिला पिशवीत घालून किराणा मोजायच्या काट्यावर ठेवली. 1 किलो 400.

9 ते 1

मशीन. पंचमीच्या आधी सात ब्लाउज द्यायचे आहेत. मशीनच्या खडखडाटाची ठिपकीला सवय झालीय. मशीन थांबलं की मात्र मान वर करते.

मध्येच वाडीतले काका डोकावतात. रोजचा प्रश्न, "आहे का अजून?"

"आहे."

"गटारी रविवारी आहे बरं का."

त्यांच्या डोळ्यांत हंडी दिसते. राग येत नाही, त्यांचा हिशोब सरळ आहे. गावठी कोंबडी कापली तर चार माणसं जेवतात. माझा हिशोब मात्र मलाच जमत नाही. रिक्षाचं भाडं, औषध, कापूस, आणि या वेळात झाले असते ते दोन ब्लाउज. पण मांडीवर घेऊन बोटं चाचपलेल्या कोंबडीला हंडी दाखवायची म्हणजे अवघडच.

काकांना पहिल्या दिवशी भीती होती ती मानमोडीची. डॉक्टरांनीही आधी तेच विचारलं, लस टोचलीय का, मान वाकडी होते का, बाकीच्या मलूल आहेत का. आपल्याकडे ज्याला रानीखेत म्हणतात तोच हा रोग. 1927 मध्ये कुमाऊंतल्या रानीखेतला आढळला, त्यावरून ते नाव. लंगडणारी प्रत्येक कोंबडी पाय मोडलेलीच असते असं नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायची ती दोन्ही कारणांसाठी.

दुपारी 1.30

पाऊस. बाकीच्या पाच जणी वळचणीला रांगेत उभ्या, प्रत्येकीने एक पाय पोटाखाली ओढून घेतलेला. सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, "बघ, सगळ्याच लंगड्या झाल्या."

4.00

उघडीप मिळाली की डालगं अंगणात. खरं दुखणं इथे आहे. हाड जुळेल, डॉक्टर म्हणाले एकवीस दिवस, पिल्लू फुटायला लागतात तेवढे. पण तीन आठवडे नजरेआड झालेली कोंबडी परत आली की बाकीच्यांना परकीच. शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने 1921 मध्ये कोंबड्यांची ही उतरंड मांडून दाखवली, कोण कोणाला टोचतं आणि कोण मुकाट टोचून घेतं. आमच्याकडे ते सांगायला काळी पुरेशी आहे. ती येते, डालग्याभोवती एक फेरी मारते आणि फटीतून नेमकी ठिपकीच्या तुऱ्यावर चोच घालते. आधी ठिपकी काळीच्या खालोखाल होती. आता परवापरवाची तलंगसुद्धा येऊन टोचून जाते.

मी काळीला हाकलत नाही. रोज अर्धा तास तिच्या डोळ्यांसमोर ठिपकी राहिली पाहिजे. फक्त रक्त दिसलं की डालगं आत, कारण लाल ठिपका दिसला की सगळ्या मिळून तिथेच टोचतात.

आज ठिपकीने फटीतून उलटी चोच मारली. लागली नाही. पण मारली.

संध्याकाळी 7.00

हीच वेळ वाईट. उजेड कमी झाला की कोंबडीला उंचावर चढायचं असतं. तिकडे खुराड्यात दांडीवर जागेसाठी भांडणं, इकडे ही डालग्यात धडपडते. एरवी मी लगेच वरून पोतं टाकते, अंधार झाला की तिला फारसं दिसत नाही, मग बसते. आज तूस बदलायला डालगं उचललं, आणि मी सूप आणेपर्यंत ही गायब. मशीनच्या पायडलवर. जमिनीपासून चार बोटं उंच, लोखंडी जाळीवर दोन्ही पाय टेकून, पिसं फुगवून बसलेली. मोडका पायसुद्धा.

9.30

गळ्याखालची पिशवी चाचपली. भरलेली, मऊ. मान पाठीवरच्या पिसांत. उचलावं म्हणून हात घातला तर 'कुर्र्' करून अंग जड केलं.

पाचव्या ब्लाउजची एक बाही राहिलीय, उद्या सकाळी न्यायला येणार आहेत. दिवा जवळ ओढला आणि बाही हातानेच शिवायला घेतली.