चांगल्या बोटीला पाण्याखाली आरपार भोक का पाडतात?

रीलमध्ये एक माणूस नव्याकोऱ्या पांढऱ्या बोटीच्या नाकाला गोल भोक पाडताना दिसतो. एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी. तेही पाण्याखाली जाणाऱ्या भागात. खाली कमेंट ठरलेली, "भाऊ, बुडवायची आहे का?"

या भोकात एक नळी बसते. तिला म्हणतात बो थ्रस्टर टनेल. बो म्हणजे बोटीचा पुढचा भाग.

याची गरज काय?

बोटीचं सुकाणू चालतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर. धक्क्याला लागताना बोट हळू असते, पाणी जोरात वाहत नाही आणि सुकाणू ढिलं पडतं. त्यात बाजूने वारा आला की बोटीचं नाक भलतीकडेच जातं. मुंबई-मांडवा भागात तर वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटीचा ओढाही असतो.

आता वर्धा जिल्ह्यातल्या केळझरचं उदाहरण घ्या. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण बैलबंडी सगळ्यांना माहीत. उभ्या बंडीचं तोंड फिरवायचं तर चाकापाशी जोर लावून भागत नाही. पुढे जाऊन धुरी धरायची आणि बाजूला ढकलायची, बंडी सहज वळते. बो थ्रस्टर हेच करतो. नळीतला छोटा पंखा एका बाजूचं पाणी ओढून दुसऱ्या बाजूला फेकतो आणि नाक उलट दिशेला सरकतं. म्हणूनच नळी जमेल तितकी पुढे बसवतात.

मग नळी अगदी टोकाला का नाही?

कारण ती खोलही हवी. नळीची वरची कड पाण्याच्या पातळीपासून किमान अर्ध्या व्यासाइतकी खाली असावी लागते, एक व्यास असेल तर उत्तम. नळी १८५ मिलिमीटरची असेल तर साधारण ९ ते १९ सेंटिमीटर. वर बसवली तर पंखा हवा ओढतो, आवाज होतो आणि जोर जातो.

भोक कसं पाडतात?

आधी बोट पाण्याबाहेर काढतात. दोन्ही बाजूंनी मोजून मध्यबिंदू ठरवतात, छोटी छिद्रं पाडून त्यांतून सरळ सळई आरपार घालतात. सळईला वाकवलेली तार बांधून ती फिरवली की तिरक्या अंगावर खूण उमटते. ही खूण गोल नसते, लांबट असते. त्या खुणेवर कापतात.

खरं काम त्यानंतरचं. फायबरच्या बोटीत कापलेली कड आणि आजूबाजूचा भाग घासून उतरता करतात, रंग पूर्ण काढतात. मग आतून आणि बाहेरून काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनने चढवतात. इथे घाई झाली, ओल किंवा धूळ राहिली, तर जोड वरून चकचकीत दिसतो आणि लाटांच्या धक्क्यांनी आतून सुटतो. हा जोड पाण्याखाली असल्यामुळे तो सुटला तर पाणी थेट बोटीत येतं.

शेवटी नळीची तोंडं गोलसर करतात. धारदार कडेवर पाणी भोवरे करतं आणि थ्रस्टरचा जोर कमी होतो.

विजेचं काय?

३ किलोवॉटची मोटर १२ व्होल्टवर किमान २५० अँपिअर ओढते. त्यासाठी जाड केबल, फ्यूज आणि शक्यतो जवळच बॅटरी लागते. वायर बारीक असेल तर ती तापते. पेट्रोलच्या बोटीत तर ठिणगी बाहेर पडणार नाही अशीच मोटर हवी, कारण पेट्रोलची वाफ तळाशी साचते. शिवाय अशा बहुतेक मोटरी सलग काही मिनिटंच चालवायच्या असतात.

म्हणजे रीलमधला तो माणूस बोट बुडवत नसतो. पण भोक पाडायला लागतो एक तास आणि ते नीट बंद करायला कित्येक दिवस. रीलमध्ये फक्त तो एक तासच दिसतो. त्यामुळे व्हिडिओ बघून स्वतः ड्रिल हातात घेऊ नका.