रेसिडेन्सी जळाली, गेंडा वाचला

मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकी सरकारने 1935 ते 1942 या काळात एक काम दिले: जुन्या गोधड्या, बाहुल्या, मडकी जलरंगात हुबेहूब रंगवायची. रंगीत फोटो तेव्हा महाग आणि बेभरवशाचे. अशी सुमारे 18,000 चित्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

पुण्यात असे नोंदचित्रण दीडशे वर्षे आधीच झाले, पण साहेबाच्या हौसेखातर. पेशवे दरबारातले इंग्रज वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबटांनी वेरूळची लेणी काढली. 1790 मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही. ही चित्रे मॅलेटबरोबर विलायतेला गेली, ते एका परीने बरेच झाले. कारण 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्यातल्या संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाचे ठाणे, जाळली गेली. विलायतेला गेलेल्या चित्रांतली बरीच आज अमेरिकेतच, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.