पुन्हा पाहण्याचा हक्क

30 जानेवारी 2022 रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेतला ऑस्ट्रेलिया विरुद्ध दक्षिण कोरिया हा उपांत्यपूर्व सामना झाला. साथीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे घरापासून काही किलोमीटरवर चाललेला सामना पुणेकरांना टीव्हीवर पाहावा लागला. यजमान भारताचा संघ तर करोनाची लागण होऊन आठवड्यापूर्वीच स्पर्धेबाहेर पडला होता. इतक्या उदास पार्श्वभूमीवर पुण्याच्या मैदानात एक नवी गोष्ट घडत होती आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ सहायक पंचांची पद्धत, लागू झाली होती. पूर्वार्धाच्या अखेरीस पेनल्टी क्षेत्रात एक कोरियन खेळाडू पडली. चित्रफितीची मदत घेऊन पंचांनी कोरियाला पेनल्टी दिली आणि कोरियाच्या चो सो-ह्यून हिने ती चक्क गोलखांबावरून आकाशात मारली. सामना शेवटी 87व्या मिनिटाला जी सो-युनच्या लांबून मारलेल्या गोलाने सुटला. त्याबद्दल कुणाला काही तपासावं लागलं नाही.

मी पुण्यातल्या स्थानिक सामन्यांत बरीच वर्षं झेंडा हातात धरून रेषेवर धावलो आहे, म्हणून या पद्धतीकडे माझं कुतूहल थोडं वेगळं आहे. ऑफसाइड कसा ओळखतात हे लोक विचारतात. चेंडू मारणारा पाय आणि पलीकडच्या टोकाचा शेवटून दुसरा बचावपटू ही दोन ठिकाणं एका नजरेत कधीच मावत नाहीत. म्हणून डोळे बचावपटूच्या ओळीवर ठेवायचे आणि चेंडूला पाय लागल्याचा आवाज कानांनी टिपायचा. आवाज आला त्या क्षणी जे दिसलं ते खरं. शेजारच्या रस्त्यावर वरात चालली असेल तर काय करायचं, ते नियमपुस्तकात नाही.

व्हीएआरला नियमावलीत जागा मिळाली ती 3 मार्च 2018 रोजी. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाची बैठक तेव्हा झ्युरिचला झाली. त्याच आठवड्यात बालेवाडीत एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू यांचा इंडियन सुपर लीगचा उपांत्य सामना गोलशून्य सुटला. पुण्याचा संघ पुढच्याच वर्षी बंद पडला आणि ती लीग व्हीएआरविना चालू राहिली. रशियातल्या 2018च्या विश्वचषकात ही पद्धत जगाने पाहिली. मॉस्कोतल्या एका खोलीत बसलेले पंच सगळ्या शहरांतले सामने पडद्यांवर तपासत होते. साखळीतल्या 48 सामन्यांत 335 प्रसंग तपासले गेले आणि त्यांपैकी 17 वेळाच रीतसर पुनरावलोकन झालं. फिफाच्या म्हणण्यानुसार अशा कळीच्या निर्णयांची अचूकता 95 टक्क्यांवरून 99.3 टक्क्यांवर गेली. अर्थात हे गुण परीक्षा घेणाऱ्यानेच दिलेले आहेत.

पद्धत समजून घेताना एक गोष्ट नेहमी निसटते. व्हीएआर सगळं तपासत नाही. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड अशा मोजक्याच बाबतींत त्याला तोंड उघडता येतं, आणि तेही पंचांची चूक ढळढळीत असेल किंवा एखादी गंभीर घटना त्यांच्या नजरेतून पूर्ण सुटली असेल तरच. शेवटचा शब्द मैदानावरच्या पंचाचा. हवेत चौकोन काढून ‘मला दाखवा’ अशी मागणी फक्त पंच करू शकतो. खेळाडूने तशी खूण केली तर त्याला पिवळं कार्ड मिळू शकतं. ज्याचं नुकसान झालं त्याला तपासणी मागण्याचा अधिकार नाही. पुढच्या सगळ्या विवेचनात माझा भर या मुद्द्यावर आहे.

त्याआधी चित्रफितीच्या खरेपणाविषयी. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं घेतो असं धरलं, तर दोन चित्रांमध्ये एका सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. सेकंदाला आठ मीटर वेगाने पळणारा आघाडीपटू तेवढ्यात 16 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराला थोडं कमी, पुढे सरकतो. बचावपटू उलट दिशेला धावत असेल तर फरक दुप्पट होतो. चेंडूला पाय नेमका कोणत्या चित्रात लागला, की दोन चित्रांच्या मधल्या फटीत लागला, हे माणसालाच ठरवावं लागतं. आणि मग त्या चित्रावर निळी-लाल रेघ ओढून बोटभर अंतराने ऑफसाइड जाहीर होतो. रेघ बारीक असली की मोजमापही तितकंच बारीक असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. तसं ते नसतं. कतारच्या 2022च्या विश्वचषकात यावर तोड काढली गेली. छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते आणि चेंडूच्या पोटातलं यंत्र सेकंदाला 500 वेळा संदेश पाठवत होतं. चेंडू कधी मारला हा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. माझ्या कानांचं काम चेंडूच करू लागला.

पण ऑफसाइड हा मोजण्याचा प्रश्न आहे. फाऊल हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे, आणि तिथे हळू केलेलं चित्र फसवतं. 2016 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुकानातल्या दरोड्यात झालेल्या खुनाची चित्रफीत ज्यूरीच्या भूमिकेतल्या लोकांना काहींना नेहमीच्या वेगात, काहींना संथ गतीत दाखवली. संथ पाहणाऱ्यांना तो खून अधिक जाणूनबुजून केलेला वाटला. खरी वेळ किती होती हे पडद्यावर दाखवलं तरी हा परिणाम पूर्ण गेला नाही. कारण सरळ आहे. चित्र ताणलं की मारणाऱ्याला विचार करायला वेळ मिळाला होता असं आपल्याला वाटू लागतं. म्हणूनच व्हीएआरच्या नियमांत स्पर्श कुठे झाला, चेंडू हाताला लागला का, हे पाहायला संथ गती आणि धक्का किती जोराचा होता हे ठरवायला नेहमीची गती, असा भेद केलेला आहे. भेद शहाणपणाचा आहे. पण एकदा संथ चित्र पाहिलेला डोळा ते विसरून कसा पाहणार?

चित्र स्वच्छ असूनही घोटाळा कसा होतो, याचा नमुना 30 सप्टेंबर 2023 रोजी लंडनला घडला. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासने केलेला गोल रेषेवरच्या पंचाने ऑफसाइड ठरवला. खोलीतल्या पंचाने तपासलं, त्याला दियास स्पष्ट ऑनसाइड दिसला. मात्र मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत तो ‘तपासणी पूर्ण’ म्हणून मोकळा झाला. खेळ सुरू झाला आणि एकदा खेळ सुरू झाला की मागे जायला नियम परवानगी देत नाही. काही दिवसांनी त्या खोलीतलं संभाषण प्रसिद्ध करण्यात आलं. ते ऐकताना मला यंत्राचा राग आला नाही. मूळ निर्णय काय होता एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

आपल्याकडे हा विषय लोकांना पोटतिडकीने कळतो तो फुटबॉलमधून नाही, कुस्तीतून. जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. वाद पेटला. प्रश्न दोन की चार, हा होता. फ्रीस्टाइलच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला नुसतं खाली आणलं तर दोन गुण. पाठ जमिनीच्या बाजूला काटकोनापेक्षा जास्त कलून तो धोक्याच्या स्थितीत गेला तर चार. म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्या वेळात पाठीचा कोन मोजायचा. त्या रात्रीपासून महाराष्ट्रभर फोनवर ती टांग थांबवून, उलटी फिरवून, वर्तुळं काढून पाहिली जात होती. पंचांना धमकी आल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. महाराष्ट्र केसरीची गदा शिवराज राक्षेने महेंद्रला काही सेकंदांत हरवून नेली. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळच्या फुलगावला राक्षेला हरवून किताब मिळवला. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षे चीत झाल्याचा निर्णय आला तेव्हा दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असा त्याचा दावा होता. पंचांशी झटापट झाली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

कोण बरोबर होतं हे मी इथे ठरवत नाही, आणि झटापटीचं समर्थन तर मुळीच करत नाही. मला त्या गर्दीची रचना लक्षात घ्यावीशी वाटते. हजारो खिशांत कॅमेरे आहेत. घटना घडल्यावर मिनिटभरात ती सगळ्यांनी चार वेळा पाहिलेली असते. ज्याने निर्णय द्यायचा त्याने मात्र ती एकदाच, एका बाजूने पाहिलेली असते. पूर्वी पंच आणि प्रेक्षक दोघांचं अज्ञान सारखं होतं, म्हणून तक्रार पारावरच्या गप्पांत विरून जायची. आता प्रेक्षक पंचापेक्षा जास्त जाणतो आणि पंचाला पाहायला मनाई असल्यासारखी परिस्थिती आहे. पुण्यातल्या लहान मुलांच्या सामन्यांतही मी हे पाहतो. मध्यंतरात एखादे वडील फोन पुढे करून येतात, “सर, हे बघा जरा.” सर बघत नाहीत. नियमाने त्यांना ते ग्राह्य धरता येत नाही, आणि बघितलं तर पुढच्या सामन्याला दहा फोन येतील.

पाचामुखी परमेश्वर असं आपण म्हणतो, पण मैदानावर ‘पंच’ हा शब्द एकट्या माणसासाठी वापरतो. ऐकायला गमतीचं वाटतं. बोलावणी मात्र खरोखर एकट्यालाच होते.

तेव्हा पुन्हा पाहण्याची मागणी कुणी करायची, हा मुद्दा. क्रिकेटने याची दोन वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आणि दोन्हींच्या सुरुवातीला भारतीय संघ हजर होता. 14 नोव्हेंबर 1992 रोजी दरबानला जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावचीत झाला. टीव्हीच्या पडद्यावरून बाद दिला गेलेला तो पहिला फलंदाज. तेव्हा विचारायचं की नाही हे मैदानातला पंच ठरवत असे. 2008 साली श्रीलंकेत भारताविरुद्धच्या मालिकेत ती मागणी खेळाडूंच्या हाती देऊन पाहिली गेली. भारताचा अनुभव इतका कडू होता की आपल्या मंडळाने ही पद्धत सर्रास स्वीकारायला 2016 उजाडलं. तरी आज गल्लीतली पोरंसुद्धा छातीपाशी दोन्ही हातांनी टी काढतात. रागाला एक रीतसर खूण मिळाली, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत हीच सोय आहे आणि ती अधिक रांगडी आहे. निर्णय पटला नाही तर मल्लाच्या बाजूने बसलेला वस्ताद स्पंजचा ठोकळा गादीवर फेकतो. लढत थांबते, चित्रफीत पाहिली जाते. आव्हान खरं ठरलं तर गुण बदलतात आणि आव्हानाचा हक्क शिल्लक राहतो. खोटं ठरलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण जातो. फुकट तक्रार नाही. वस्तादाला क्षणात ठरवावं लागतं की आपल्याला खात्री आहे, की नुसता संताप आहे.

भारतीय फुटबॉलमध्ये व्हीएआर हवा ही ओरड 3 मार्च 2023 नंतर वाढली. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर बाद फेरीच्या सामन्यात सुनील छेत्रीने जादा वेळेत झटपट फ्री-किक घेऊन गोल केला. केरला ब्लास्टर्सचा संघ तयार नव्हता. त्यांनी निषेध म्हणून मैदान सोडलं आणि नंतर त्यांना चार कोटी रुपयांचा दंड झाला. पण वाद कशाचा होता? पंचाने शिट्टीची वाट पाहायला सांगितलं होतं की नाही, याचा. पंच काय बोलला हे कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. नेमक्या ज्या प्रसंगाने व्हीएआरची मागणी जोरात आली, तो प्रसंग व्हीएआरने सुटण्यासारखा नव्हता असं माझं मत आहे. शिवाय पूर्ण व्हीएआर म्हणजे मैदानाभोवती पुरेसे कॅमेरे, वेगळी खोली, प्रशिक्षित व्हिडिओ पंच, त्यांचा सहायक आणि नेमकं चित्र काढून देणारा तंत्रज्ञ. जिल्हा लीगमध्ये रुग्णवाहिका वेळेवर आली तरी आयोजक सुटकेचा नि:श्वास टाकतात.

म्हणून मला फिफाचा अलीकडचा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. 2024 साली कोलंबियातल्या 20 वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ नावाची हलकी पद्धत वापरली गेली. वेगळ्या खोलीत बसलेला पंच नाही. थोडेच कॅमेरे. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा तपासणी मागता येते. बोट हवेत गोल फिरवायचं आणि चौथ्या पंचाच्या हाती एक कार्ड द्यायचं. मैदानावरचा पंच स्वतः कडेच्या पडद्याशी जाऊन पाहतो. मागणी रास्त ठरली तर ती संधी परत मिळते. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादाला हे दाखवलं तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. कार्डाच्या जागी स्पंज धरला की झालं.