ठेव आणि विश्वस्त

दानाची महती आपण नेहमी ऐकतो. परंतु दिलेल्या दानाचा पुढे सांभाळ कोणी केला, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

भेरा (आता पाकिस्तानात) येथे १८९१ साली जन्मलेले साहनी केंब्रिजमध्ये शिकले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख झाले. १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्यांचा विषय होता वनस्पतींचे जीवाश्म. पाण्यातील सिलिका झाडाच्या पेशीपेशींत झिरपून साचते. झाड दगड होते, पण त्याची अंतर्रचना टिकून राहते. असा दगड कापून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासला की सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाच्या वाहिन्या, फळे, बिया स्पष्ट दिसतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून घडला, त्याच्याच थरांमधील गाळात अशा वनस्पती सापडतात. विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां हे त्यासाठी प्रसिद्ध आहे. साहनींनी या जीवाश्मांचाही अभ्यास केला.

या शास्त्राला स्वतंत्र घर हवे, या ध्यासातून १९४६ मध्ये न्यास स्थापन झाला. साहनी आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह व जीवाश्मसंग्रह त्याला अर्पण केला. त्याच वर्षी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात संस्थेचे काम सुरू झाले. पुढे उत्तर प्रदेश सरकारने बंगला व जागा दिली. नव्या इमारतीची कोनशिला साहनींनी स्वतः घडविली. देशोदेशींचे जीवाश्म तिच्यात बसविले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविण्यात आली. अवघ्या आठवड्याभरात, ९ एप्रिलच्या रात्री, हृदयविकाराने साहनी निवर्तले.

संस्थापक गेले, इमारत उभी राहायची होती. अशा वेळी अनेक संस्था कागदावरच विरतात. सावित्रीबाईंनी मात्र संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. म्हणून शास्त्रीय कामाची धुरा जाणकारांकडे राहील, हे पाहिले गेले. युनेस्कोच्या साहाय्याने नॉर्वेचे ओव्हे हेग हे १९५१ मध्ये संचालक म्हणून आले. २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंच्याच हस्ते नवी वास्तू राष्ट्राला अर्पण झाली. १९६९ मध्ये संस्था केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था बनली. त्याच वर्षी सावित्रीबाईंना पद्मश्री मिळाली. आज तेथे परागकणांच्या जीवाश्मांवरून प्राचीन हवामानाचा व कोळशाच्या थरांच्या वयाचा शोध घेतला जातो.

बँकेतील प्रदीर्घ सेवेत एक तत्त्व मनावर ठसले: ठेव ही सांभाळणाऱ्याच्या मालकीची नसते. सावित्रीबाईंनी पतीची स्मृती जपली, हे खरेच. पण त्याहून अधिक म्हणजे त्यांनी देशाची ठेव देशाला वाढवून परत केली. आपल्या समाजातही न्यास पुष्कळ आहेत. देणाऱ्यांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. सांभाळणाऱ्यांचेही स्मरण आवर्जून ठेवावे.