विश्लेषण : सोलापूरची शशिकला हिंदी सिनेमाची 'खलनायिका' कशी झाली?

कुर्डुवाडी : मोबाइलवर जुना हिंदी सिनेमा लागला की एक चेहरा हमखास दिसतो. मोठे डोळे, एक भुवई किंचित वर, ओठांवर हसू आणि मनात काहीतरी शिजतंय असा भाव. ही बाई आता घरात भांडण लावणार, हे प्रेक्षकाला लगेच कळतं. ती अभिनेत्री म्हणजे शशिकला. पडद्यावर अस्खलित हिंदी-उर्दू बोलणारी ही कलाकार मराठी होती आणि आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली होती, हे मात्र नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसतं. नायिका होण्यासाठी लागणारं सगळं असूनही त्या 'दुसऱ्या बाई'च्या भूमिकेत का अडकल्या आणि त्यातूनही दीर्घ कारकीर्द कशी उभी राहिली, हे समजून घेऊया.

थोडक्यात

• जन्म : ४ ऑगस्ट १९३२, सोलापूर. माहेरचं आडनाव जवळकर
• पडद्यावरची सुरुवात : 'झीनत' (१९४५)
• फिल्मफेअर पुरस्कार (सहायक अभिनेत्री) : 'आरती' आणि 'गुमराह'
• पद्मश्री : २००७
• निधन : ४ एप्रिल २०२१, मुंबई

सुखवस्तू घरातली मुलगी सिनेमात का आली?

शशिकला यांचे वडील सोलापुरातले मोठे व्यापारी होते. घरात सहा भावंडं, खाऊन-पिऊन सुखी कुटुंब. वयाच्या पाचव्या वर्षापासूनच शशिकला सोलापूर परिसरात नाच, गाणं आणि अभिनयाचे कार्यक्रम करू लागल्या होत्या. तोवर हे सगळं हौसेचं होतं.

त्या जेमतेम दहा-बारा वर्षांच्या असताना वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि घराचं दिवाळं निघालं. वडिलांनी कुटुंबासह मुंबई गाठली. मुलगी दिसायला देखणी, नाच-गाणं येणारी. तिला सिनेमात काम मिळालं तर घर चालेल, हा हिशेब होता. म्हणजे सिनेमा हे शशिकला यांचं स्वप्न असण्याआधी घरची गरज होती.

त्या काळातल्या सोलापूर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर हे अंतर किती मोठं होतं ते कळतं. सोलापूरहून मुंबईला जाणारा लोहमार्ग कुर्डुवाडी जंक्शनवरून जातो. बार्शी, लातूर, पंढरपूरकडची माणसं बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीला यायची आणि इथे मोठ्या गाडीत बसायची. गिरणीत काम शोधायला मुंबईला जाणारे पुष्कळ होते. पण ओळखपाळख नसताना मुलीला घेऊन स्टुडिओच्या दारात उभं राहणं ही वेगळीच गोष्ट होती.

मुंबईत हे कुटुंब सुरुवातीला परिचितांच्या घरी राहिलं. शशिकला एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत फिरत राहिल्या. मिळेल ते किरकोळ काम करायचं, असे ते दिवस होते.

पहिली संधी कोणी दिली?

त्या काळच्या सर्वात मोठ्या गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांनी. त्यांचे पती शौकत हुसेन रिझवी 'झीनत' हा सिनेमा करत होते. त्यात फक्त महिलांवर चित्रित झालेली एक कव्वाली होती. तेव्हा हा प्रकार हिंदी सिनेमात नवा होता. त्या कव्वालीत बसलेल्या मुलींमध्ये शशिकला होत्या. पुढे नायिका म्हणून गाजलेल्या श्यामाही त्याच कव्वालीत होत्या.

पाठोपाठ रिझवी यांच्याच 'जुगनू' (१९४७) मध्ये काम मिळालं. त्यात दिलीप कुमार आणि नूरजहाँ मुख्य भूमिकेत होते. पण त्याच वर्षी फाळणी झाली आणि नूरजहाँ व रिझवी पाकिस्तानात गेले. ज्यांनी हात दिला तेच देश सोडून गेले. शशिकला यांना पुन्हा जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मग नायिका का होता आलं नाही?

याचं एक कारण त्या काळच्या धंद्यात आहे. तीस-चाळीसच्या दशकात मोठे स्टुडिओ कलाकारांना महिन्याच्या पगारावर ठेवत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडत गेली. स्वतंत्र निर्माते आले आणि सगळा खेळ स्टारच्या नावावर चालू लागला. पैसा त्या नावावरच उभा राहायचा. पाठीशी बॅनर किंवा बडा दिग्दर्शक नसलेल्या मुलीसाठी नायिकेची जागा मिळवणं आणि टिकवणं अवघड होतं.

शशिकला यांनी या काळात मिळेल ते केलं. व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) मध्ये त्या दिसल्या. शम्मी कपूर यांच्या 'डाकू' (१९५५) मध्ये होत्या. याच सुमारास कुंदनलाल सैगल यांच्या घराण्यातल्या ओमप्रकाश सैगल यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे दोन मुली झाल्या. संसार आणि काम अशी दुहेरी कसरत सुरू झाली.

१९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या, उच्चवर्णीय घरात वाढलेल्या मुलीची ही कथा. सुजाता नूतन होत्या आणि त्या घरातली सख्खी मुलगी रमा शशिकला होत्या. रमा खेळकर आहे, लाडावलेली आहे, पण सुजातावर मनापासून माया करणारी आहे. शशिकला यांच्यात 'वाईट बाई' मुळातच होती, हा समज ही एक भूमिका खोडून काढते.

'खलनायिका' हा शिक्का कधी बसला?

१९६२ मध्ये. ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री प्रॉडक्शन्सचा पहिला सिनेमा 'आरती' आला. मीना कुमारी, अशोक कुमार, प्रदीप कुमार अशी तगडी मंडळी असताना लक्षात राहिल्या त्या सासरी कलह माजवणाऱ्या शशिकला. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळाला. पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रा यांच्या 'गुमराह'मध्ये विवाहित नायिकेचं गुपित हाती लागल्यावर तिला धमकावणारी बाई त्यांनी केली आणि लागोपाठ दुसरा फिल्मफेअर पटकावला.

त्यानंतर अशाच भूमिकांची रांग लागली.

यामागचं गणित सोपं आहे. त्या काळच्या कौटुंबिक हिंदी सिनेमात नायिका चुकायची नाही. ती सहन करायची, रडायची, माफ करायची. पण कथा पुढे सरकायची तर कुणीतरी खोटं बोलायला हवं, हेवा करायला हवा, चुगली लावायला हवी. ते सगळं काम दुसऱ्या बाईकडे दिलं जायचं. म्हणून अभिनेत्रीला खरा वाव अनेकदा याच भूमिकेत असायचा. पण शेवटच्या रिळात तिला पश्चात्ताप किंवा शिक्षा ठरलेली. पोस्टरवर मोठं नाव नायिकेचंच.

१९६६ हे एकच वर्ष पाहिलं तर हा शिक्का किती अपुरा होता ते दिसतं. 'फूल और पत्थर'मध्ये शशिकला गुन्हेगारांच्या वर्तुळातल्या भडक स्त्रीच्या भूमिकेत आहेत. त्याच वर्षीच्या हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनुपमा'मध्ये त्या मोकळ्या, हसऱ्या, बडबड्या अनिता आहेत. अबोल नायिकेच्या शेजारी ही अनिता सगळं घर जागं ठेवते.

अमेरिकेत तेव्हा काय घडत होतं?

याच काळात अमेरिकेत छोट्या पडद्यावर 'वेस्टर्न' मालिकांची लाट होती. घोडे, पिस्तुलं, ओसाड गावं. 'गनस्मोक' ही मालिका १९५५ ते १९७५ अशी २० वर्षं चालली. त्यात सलूनची मालकीण मिस किटी साकारणाऱ्या अमँडा ब्लेक १९ हंगाम टिकल्या. एकेकाळच्या मोठ्या स्टार बार्बरा स्टॅनविक यांनी साठीच्या उंबरठ्यावर 'द बिग व्हॅली'मध्ये शेतमळ्याची कर्ती आई साकारली आणि १९६६ मध्ये एमी पुरस्कार मिळवला. सिनेमाने बाजूला सारलेल्या वयात टीव्हीने त्यांना मध्यवर्ती जागा दिली.

भारतात ही सोय नव्हती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. 'हम लोग'सारखी मालिका यायला १९८४ उजाडलं. शशिकला यांच्या पिढीला ऐन उमेदीत टीव्हीचा आधार मिळालाच नाही. तो मिळाला म्हातारपणी. २००० मध्ये स्टार प्लसवर आलेल्या 'सोनपरी'मध्ये त्या फ्रूटीची आजी होत्या. ज्यांना आईवडिलांची पिढी पडद्यावर शिव्या घालत होती, त्यांच्यावर नातवंडांनी जीव लावला.

पडद्याबाहेर त्या कशा होत्या?

वैयक्तिक आयुष्यातल्या चढउतारांनंतर त्या कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेत गेल्या आणि काही वर्षं आजारी, निराधार माणसांची सेवा केली. नंतर पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या. २००७ मध्ये केंद्र सरकारने पद्मश्रीने गौरवलं. वयाच्या ८८व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता पाहायचं तर काय पाहावं?

सुरुवात 'सुजाता'पासून करावी, मग 'आरती' आणि 'गुमराह', शेवटी 'अनुपमा'. या क्रमाने पाहिलं तर मायाळू, कपटी, धूर्त आणि खळाळून हसणारी अशा चार वेगळ्या बायका एकाच अभिनेत्रीत भेटतात. हृषीकेशदांच्या 'खूबसूरत' (१९८०) मध्येही त्या आहेत. घर चालवण्यासाठी सोलापूर सोडलेल्या मुलीने नायिकेच्या नावाशिवाय १०० हून अधिक सिनेमे केले. ती कमाई कोणत्या पोस्टरवर मावली नाही, पण आजही पडद्यावर ती भुवई वर गेली की आपण सावरून बसतो.